गालाची जागा

दस्त्याच्या उजव्या अंगाचं पॉलिश झिजलेलं दाखवलं आहे, ते डाव्या अंगाला हवं. बंदूक वापरणारा डावखुरा आहे का? आमच्या गेममध्ये डावखुरा शिपाई नाही. आजच दुरुस्त करून पाठवावं.

एवढाच मजकूर. इंग्रजीत, कुठल्याशा थंड देशातून आलेला, खाली नाव नाही, नुसती आद्याक्षरं. रत्नमालानं तो वाचला आणि तिला आधी हसूच आलं. एवढंच ना. इकडचं तिकडं करायचं. आरशात धरल्यासारखी बाजू पालटून देणारं बटनच असतं, चहा येईपर्यंत होणारं काम. तिनं माउसवर बोट ठेवलं. आणि बोट तिथंच राहिलं. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून वर येतो तेव्हा लगेच कळत नाही, माणूस आणखी थोडा चालतो, मग एका पावलाला अंगाचा सगळा भार नेमका त्याच्यावर पडतो. तसं झालं. डावखुरा आहे का. पडद्यावर बंदूक आडवी तरंगत होती, करड्या पोकळीत, खाली जमीन नाही, वर आभाळ नाही, आणि तिच्या दस्त्यावर पंजाएवढी जागा उजळली होती, वर्षानुवर्षं गाल टेकून उजळते तशी. उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, डावखुऱ्याचा उजव्या. ती जागा रत्नमालानं स्वतः उजळली होती, महिनाभर, थोडी थोडी. पण कुणाचा गाल धरून?

शहरातल्या कॅनॉट भागात, त्या तिसऱ्या मजल्यावर बंदुकांना कातडी चढवायचं काम चाले. परदेशातली कंपनी युद्धाचा गेम बनवत होती. बंदुकीचा सांगाडा तिकडूनच तयार होऊन येई, नुसता राखाडी, पोळ्याच्या मातीच्या बैलासारखा. इथं त्याला रंग द्यायचा, लाकूड लाकडासारखं आणि लोखंड लोखंडासारखं दिसेल असं करायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला वय द्यायचं. रत्नमालाच्या वाट्याला थ्री नॉट थ्री आली होती. इंग्रजांची, दोन्ही महायुद्धांत फिरून आलेली, नळीच्या टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली. "नवी दिसली की खेळणं वाटतं," गोकुळ म्हणायचा. गोकुळ त्यांचा टीम लीड, वैजापूरकडचा, घरी कांद्याची शेती, आणि स्वतः डब्यातला कांदा बाजूला काढून ठेवणारा. "कुणीतरी वागवलेली दिसली पाहिजे. एकेका ओरखड्याला गोष्ट पाहिजे, रत्नमाला." म्हणून ती गोष्ट शोधत बसली. संग्रहालयांचे फोटो बघितले, तर तिथल्या बंदुका तेल लावून काचेआड निजवलेल्या, कुणी कधी हातच न लावल्यासारख्या. मग एका रविवारी सकाळी तिच्या ध्यानात आलं, की ही बंदूक उभा जन्म वागवलेला माणूस समोरच चहाची बशी फुंकतोय. दादा. तिचा बाप मुंजाबा, पोलीस खात्यातला शिपाई, आता रिटायर. "दादा, थ्री नॉट थ्री धरत्यात कशी, दाखवा ना." "काठी आण," दादा म्हणाला. माय चुलीपुढं नव्हती, गॅसपुढं होती, पण बसली होती चुलीपुढं बसल्यासारखीच, खाली, पाट घेऊन. दादानं काठी खांद्याला लावली. "ही बया लई जड. हिला बायकोवाणी जवळ धरावं लागतं, नाय तर खांदा फोडती." माय तिथूनच म्हणाली, "मला कव्हा धरलं वो जवळ? मी पण फोडला असता." दादा हसला, हसता हसता त्यानं मान तिरकी केली आणि गाल काठीवर टेकवला. रत्नमाला मोबाइलवर शूटिंग घेत होती. गाल कुठं टेकतो, अंगठा कुठं येतो, तळव्याचा घाम लाकडात कुठं मुरतो. एवढंच ती बघत होती. हात कुठला, हे तिनं बघितलंच नाही. घरच्या माणसाचा हात कोण बघतं?

(आमच्या गेममध्ये डावखुरा शिपाई नाही.)

गेममध्ये तसा शिपाईच नसतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून दोन हात वर येतात, कोपरापर्यंतचे, त्यांच्यात बंदूक असते आणि कोपराच्या मागं काहीच नसतं. खांदा नाही, मान नाही, गाल तर नाहीच. हात दमत नाहीत, त्यांना घाम येत नाही, कापरं भरत नाही. उजव्या अंगाचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायची दांडी, मागं ओढला की खटक्, पुढं लोटला की खटाक्. त्या आवाजासाठी पोरं हीच बंदूक घेतात, दुसऱ्या कितीही चांगल्या असल्या तरी, असं गोकुळ सांगे. जेवणाच्या सुट्टीत तो एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं गेमचा जुना भाग खेळायचा आणि त्याला अभ्यास म्हणायचा. मागं एकदा रत्नमालानं डब्यातून नजर वर न उचलता विचारलं होतं, "गुडघ्याला लागली तर काय होतं?" "काय नाही होत. गुडघ्याला मार्क कमी. छातीला जास्त, डोक्याला फुल्ल." त्यानं तिला दाखवायला म्हणून एकाच्या गुडघ्यावर मारली. तो शत्रूचा शिपाई लंगडत भिंतीआड गेला, खाली बसला. "बघ, आता जरासा बसंल. बरा होईल. आला की नाय परत?" आला होता. पळत आला होता, दोन्ही पायांनी.

कडुबामामा पळत आला नाही. तीन वर्षांमागचा तो उन्हाळा, आताच्यासारखाच कोरडा, गंगापूरकडच्या एका पाटाच्या दारावर. पाटाला पाणी सोडलं होतं ते पुढं कुठं तरी जाणार होतं, आणि काठावरच्या लोकांनी ते नुसतं जाताना बघायचं होतं. लोकांनी दार फोडायचं ठरवलं. मामा फोडायला गेला नव्हता, तो मेंढ्या घेऊन गेला होता. पाण्याचा वास आला की मेंढरं कुणाचं ऐकत नाहीत आणि मेंढरांमागं मामा. बंदोबस्ताला जी तुकडी होती तिच्यात दादा होता. दगड आले. वर मारा, असा हुकूम झाला. सगळ्यांनी वर मारल्या, निदान जबान्यांमध्ये तरी सगळ्यांनी वरच मारल्या. पण एक गोळी खाली आली आणि मामाच्या गुडघ्यात शिरली. ती कुणाची, ते चौकशीत ठरलं नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून मामा एवढंच सांगत राहिला: सूर्य पोलिसांच्या मागं होता, तोंडं दिसत नव्हती, नुसत्या काळ्या आकृत्या, सगळ्यांच्या बंदुका उजव्या खांद्याला, एकाची तेवढी डाव्या. तीच खाली आली. मग सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना एकदमच आठवलं, की मुंजाबा गोफण डाव्या हातानं फिरवायचा. बकरू वाट सोडून निघालं की याचा धोंडा बरोबर त्याच्या नाकापुढं पडायचा, अंगाला कधी नाही. दादा शांतपणे म्हणाला होता, "गोफण डाव्या हाताची. बंदूक उजव्या हाताची. खात्यात डावं चालत नाय, ट्रेनिंगचा उस्ताद हात मोडून ठेवतो." आणि त्यानं भिंतीवरचा फोटो दाखवला होता, परेडचा, तरणाताठा दादा, बंदूक उजव्या खांद्याला. तो फोटो घेऊन रत्नमाला स्वतः सोयऱ्यांशी भांडली होती. हे बघा. डोळे हायेत का तुमाला? एकेकाच्या नाकापुढं धरला होता तिनं तो फोटो.

फोन वाजला. माय होती.

"निघाली का गं?"

"माय, अजून चार वाजत्यात."

"उजेडात उचलायचा असतो, माय. कडुबा आलाय. मेंढरं त्या प्लॉटिंगवर बसवलीत. मी शेवयाची खीर करायली. दोन हंडे जादा घेतले आज टँकरचे, ती वरची बाई लई बोलली, बोलू दे." मायचा आवाज हलका झाला, फोनच्या जवळ आला. "रत्ने, तो माझ्या हाताचं पाणी प्याला गं."

तीन वर्षं मायला माहेर नव्हतं. पंचमीला न्यायला मुऱ्हाळी आला नाही, आखाजीला आला नाही. माय त्या त्या दिवशी सकाळीच न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि दुपारी गुपचूप बदलायची. आता मामाच्या शीलाचं लग्न ठरलं होतं. आत्याशिवाय हळद कशी लागायची, असं शीला अडून बसली. मामी म्हणाली, ज्यानं गुडघा फोडला त्याला मांडवात बसवायचं असेल तर मीच मांडवाबाहेर बसते. मग मामानंच तोड काढली होती. बेलभंडारा उचलायचा. शहराला खेटून असलेल्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा हातात घेऊन सांगायचं, की मुंजाबानं खाली मारली नाही. मात्र मुंजाबानं नाही सांगायचं. "तो जन्मभर कोर्टात हात वर करून बोललेला माणूस हाय, त्याच्या हातात काय राह्यलंय? पोरगी उचलंल. पोरगी खोटं उचलायची नाय." निरोप आला तेव्हा रत्नमाला हसली होती. एवढंच ना, असंच म्हणाली होती. मी उचलते की. खरंच तर हाय.

तिनं कानाला इअरफोन लावला आणि मोबाइलमधलं ते रविवारचं शूटिंग उघडलं. आधी वाटलं, फोननं बाजू पालटली असेल. पुढच्या कॅमेऱ्यात पालटते ना, कपाळावरची बट या बाजूची त्या बाजूला दिसते. तिला एकदम एवढं बरं वाटलं, की तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं. मग दादाच्या मागं भिंतीवर कॅलेंडर दिसलं. त्याच्यावरचे आकडे सरळ होते. बँकेचं नाव सरळ होतं. दादाच्या डाव्या मनगटात तांब्याचं कडं असतं, संधिवातासाठी. ते कडं घोडा दाबायच्या हातात होतं. काठी डाव्या खांद्याला. डावा गाल काठीवर. दादा काहीतरी बोलत होता, मायला उत्तर देत होता, आणि बोलता बोलता त्याचा डावा हात काठीच्या वरून पलीकडं गेला, जिथं बोल्ट असायला हवा तिथं, आणि तो नसलेला बोल्ट त्यानं मागं ओढून पुढं लोटला. कडं काठीला लागलं. टक्. उजव्या माणसाला असा हात वरून न्यावा लागत नाही. आणि ज्यानं कधीच डाव्या खांद्यावरून मारली नाही त्याचा हात असा न बघता, बोलता बोलता, जातच नाही. ती मागं गेली, पुन्हा लावलं. टक्. पुन्हा. दादा हसत होता. एवढा हसलेला दादा तिनं गेल्या तीन वर्षांत त्या एकाच सकाळी बघितला होता, आणि

आणि पाटाच्या दारावर तो हसत नव्हता. तिनं डोळे मिटले तर तिला तो कोपरापर्यंतचाच दिसायला लागला, पडद्याच्या खालून वर आलेले दोन हात, समोर माणसं, धूळ, मेंढरं. मागं काही नाही. तिनं नेट लावून त्या हातांच्या मागं खांदा जोडायचा प्रयत्न केला, मान, मग तोंड. तोंड घाबरलेलं होतं. हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. दादा पोलीस, पोलीस घाबरवतो. पण दगड येत होते आणि हे लोक ओळखीचे होते, त्यांच्यात याची भाषा बोलणारे, याच्यासारखी मुंडाशी बांधणारे होते, आणि उस्तादानं छड्या मारून शिकवलेला उजवा खांदा हा शेवटी शिकवलेला होता. शिकवलेलं शांतपणात आठवतं. परेडला आठवतं, फोटोला आठवतं. रविवारी बशी फुंकणारं अंग आणि दगडापुढं उभं राहिलेलं अंग, दोन्ही खात्याबाहेरची. दोन्हींनी काठी काय, बंदूक काय, घेतली ती गोफणीच्या हातानं. नाकापुढं धोंडा पाडायचा असेल त्याला. अंगाला नाही. धोंडा पडतो तिथं पडतो, पण गोळी

तिला पुढचं वाक्य करता येईना. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हेल्मेट रंगवत होतं. खिडकीतून खाली टँकर मागं घेताना माणूस ओरडत होता, आने दो, आने दो, बस्स. इमारतीच्या टाकीत पाणी पडायला लागलं.

"झालं का?" गोकुळ मागं येऊन उभा राहिला. "तिकडं दिवस उजाडायच्या आत टाकायचंय."

"सर, एखादा डावखुरा शिपाई असला तर काय बिघडलं?"

"अगं, हात तयार हायेत ना. उजवे. सगळी पोरं तेच हात घालून खेळणार. तुझ्या एका डावखुऱ्यासाठी नवे हात कोण करील?" तो पडद्याकडं वाकला. "काम मात्र भारी केलंस हां. खरा गाल घासल्यासारखा वाटतोय. कोण आहे गं हा डावखुरा? घरी सांगू का?"

मागचा पोरगा फिदीफिदी हसला. रत्नमालाही हसली, हसायला लागतंच. मग तिनं बटन दाबलं. उजवीकडची उजळलेली जागा गेली, तिथं काळपट लाकूड आलं, घट्ट, कुणी न शिवलेलं. आणि डावीकडं तीच जागा, तशीच्या तशी, प्रत्येक रेषेसकट उमटली. आवाजसुद्धा झाला नाही. शूटिंग बघून तिनंच काढलेला वरचा कड्याचा ओरखडा उरला होता, उजव्या माणसाला तो लागू नव्हता, तोही तिनं घासून काढला. आता ही बंदूक कुणाचीही होती. कुठल्यातरी गोऱ्या पोराची, कुठल्यातरी चिखलातली. आणि तिच्या मनात आलं, दादानंसुद्धा एवढंच तर केलं होतं. गाल इकडून उचलला आणि तिकडं ठेवला. खात्यानं ते पास केलं. सोयऱ्यांच्या नाकापुढं तो फोटो मी धरला.

"गेलं?" गोकुळनं लांबूनच विचारलं.

"गेलं."

जालना रोडवर उन्हं अजून डोळ्यांवर येत होती. तिची स्कूटी एका टँकरमागं अडकली. त्याच्या मागच्या नळातून पाणी गळत होतं आणि रस्त्यावर ओल्या पट्ट्याची रेघ पडत होती, पुढं पडत होती आणि मागं वाळत होती. हेल्मेटच्या आत ती वाक्य म्हणून बघत होती. माझ्या दादानं खाली मारली नाय. साधं आहे. पाच शब्द. ती काही भंडाऱ्याला घाबरणारी नव्हती, हळद असते ती, दुकानातसुद्धा मिळते. खोटं उचललं तर घर बसतं म्हणतात, बसायला घर कुठलं, दीड खोली, तीही भाड्याची. माझ्या दादानं खाली. समजा उचललं. माय उद्या माहेरी जाईल. शीलाला हळद लागेल, मामी मायच्या ओटीत खण घालेल. कुणाचं काय गेलं? गुडघा गेला तो गेलाच. माझ्या दादानं. बायपासच्या पुलाखाली सिग्नल लागला आणि तिच्या लक्षात आलं, की वाक्य जिभेवर फिरवून फिरवून गुळगुळीत झालंय, एका बाजूनं झिजलंय, आणि कुठल्या बाजूनं ते आता कळत नाही.

साताऱ्याच्या अलीकडं, जिथं दादा पोरवयात शेरडं घेऊन यायचा म्हणतात, तिथं आता प्लॉट पाडले होते. पांढरे दगड चौकोनात रोवलेले, मध्ये कमान, कमानीवर नगराचं नाव, आत एकही घर नाही. त्या दगडांच्या मधून मामाची मेंढरं बसली होती. आपापल्या प्लॉटमध्ये बसल्यासारखी. एक म्हातारी मेंढी हद्दीच्या दगडाला अंग घासत होती, आणि दगडाच्या त्या बाजूचा चुना निघाला होता.

घरात मामा खुर्चीवर बसला होता, प्लास्टिकच्या, कारण त्याला खाली बसता येत नाही. उजवा पाय पुढं सरळ सोडलेला, काठी भिंतीला टेकवलेली. दादा खाली, चटईवर, फोटोच्या बरोबर खाली. माय दारात. चेहऱ्यावर तिनं पावडर लावली होती.

"आली का माय," मामा म्हणाला. "लई वाळली गं. अक्का, हिला कामपुटर खातंय का काय?"

"रोज डबा देते की रं. अर्धा परत आणती."

"आमच्या शीलाचं उलट. लग्न ठरल्यापासून पसाभर जास्त खायली. नवरा पळंल म्हणलं बघून."

सगळे हसले. दादाही हसला, पण त्या रविवारचं हसू ते नव्हतं. "चहा झाला, खीर झाली," दादा म्हणाला. "आता ते उरकून घ्या. पोरगी दमून आली."

"उरकायचं नाय, दाजी," मामा हळूच म्हणाला. "करायचं."

मायनं ताट आणून मध्ये ठेवलं. भंडारा, त्याच्यावर बेलाची तीन पानं. पानं सुकायला लागली होती, कडेनं वळली होती. खिडकीतून पिवळं ऊन ताटावर पडलं होतं त्यामुळं भंडारा होता त्याहून जास्त वाटत होता. "हे बघ रत्ने," मामा म्हणाला, "माझं काय भांडण नाय. भांडायचा टाइम गेला. मी रोज मेंढरामागं फिरतो आन् रोज मला वाटतं, असंल का, नसंल का. कुणाची लागली याचं दुखणं नाय, याच्यातच पाय झिजला माझा. तू एकदा म्हण, माझ्या बापानं खाली मारली नाय. तू म्हणलीस तर मी मानतो. अक्काला आताच्या आता घेऊन जातो."

माय तिच्याकडं बघत नव्हती. ती कोपऱ्यातल्या पिशवीकडं बघत होती. पिशवी भरलेली होती, वरून नव्या लुगड्याचा काठ दिसत होता. रत्नमालानं हात धुतले, मायनं त्याच्यावर पाणी घातलं, टँकरचं जादा पाणी, हात खळखळून. ती ताटापुढं बसली. उजव्या हाताची चिमूट भंडाऱ्यात गेली, तो गार होता, मऊ, आणि बोटांच्या रेषांमध्ये लगेच भरला. तिनं वर बघितलं. समोर दादा, दादाच्या वर तरणा दादा, दोघंही तिच्याकडं बघत होते. फोटोतल्या दादाचा गाल बंदुकीवर नव्हता. इतकी वर्षं बघितलेला फोटो, सोयऱ्यांच्या नाकापुढं धरलेला. बंदूक उजव्या खांद्याला होती पण गाल वर होता, ताठ, हवेत, फोटोसाठी धरलेला. त्या गालानं कुठलंच लाकूड कधी झिजलं नसतं.

"माझ्या दादानं," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी टँकर आल्याची आरोळी दिली. बादल्या वाजल्या. माय जागची हलली नाही.

रत्नमालानं चिमूट सोडली. भंडारा ताटात पडला. "मामा, तुमची काठी द्या जरा."

"काठी?"

"द्या."

मामानं भिंतीची काठी उचलून दिली. ती वजनदार होती, हात लागून लागून वरच्या बाजूला काळी झालेली. रत्नमालानं ती दादापुढं धरली. तिची बोटं पिवळी होती, काठीवर पिवळा डाग पडला. "दादा, त्या दिवशी मला दाखवलं तसं एकदा दाखवा. मग मी उचलते."

दादानं तिच्याकडं बघितलं. इतका वेळ, की मायनं "काहून गं," असं काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. मग दादा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पाय जुळवले. काठी हातात घेतली आणि उजव्या खांद्याला लावली. तोल बरोबर, कोपर बरोबर, पंजा बरोबर. उस्तादानं बघितलं असतं तर शाबास म्हणाला असता. भिंतीवरचा दादा आणि जमिनीवरचा दादा एकाच बाजूला तोंड करून उभे होते. मायनं सुटकेचा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. तिनं ताट लेकीकडं सरकवलं. मामाची मान हलली, एकदा, आपल्याशीच.

"गाल ठेवा, दादा," रत्नमाला म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. दादाचा गाल वरच होता. तो खाली यायला निघाला, अर्ध्यात थांबला. मानेची शीर ताठली. आजवर त्यानं जो गाल या बाजूला कधी टेकवला नव्हता तो आता लेकीपुढं, मेव्हण्यापुढं टेकवायचा होता, आणि टेकवला असता तर ती उचलणार होती. हे त्याला कळलं होतं. तिलाही कळलं होतं, की टेकवला तर मी उचलीन. दोघंही थांबली.

मग दादानं काठी खांद्यावरून काढली, छातीवरून पलीकडं नेली आणि डाव्या खांद्याला लावली. घाई केली नाही. मान आपोआप कलली, डोळा मिटला, आणि गाल लाकडावर असा बसला, जसं थकलेलं पोर आईच्या मांडीवर डोकं ठेवतं.

मायनं पदराचं टोक तोंडात घातलं. मामा टक लावून बघत होता आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर फिरत होता, वाटीवरून गोल गोल, मेंढराच्या पाठीवरून फिरावा तसा. खिडकीतून आलेलं ऊन दादाच्या मागं होतं.

"व्हय," मामा म्हणाला. "असंच."

दादानं गाल उचलला नाही.

"दगड येत होते रं, कडुबा," तो काठीतच बोलला. "मला वाटलं, पुढ्यात पाडावी. पुढ्यात पडली म्हंजी मागं फिरत्याल."

"मेंढरं फिरत्यात," मामा म्हणाला.

ऊन ताटावरून सरकून चटईच्या काठापर्यंत गेलं. कोपऱ्यातली पिशवी तशीच होती. रत्नमालाला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी रडेल, म्हणजे पुढचं सुरू होईल. पण पुढचं सुरू होत नव्हतं, काठी खांद्यालाच होती आणि तिला खाली घ्या असं म्हणण्याचा हक्क त्या खोलीत कुणाचा, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

मामानं खुर्चीच्या हातावर भार दिला, अर्धा उठला, परत बसला.

"ती काठी द्या, दाजी," तो म्हणाला. "तिच्याबिगर मला उठता येत नाय."

दादानं डोळा उघडला. काठी खांद्यावरून उतरवली, आणि दोन्ही हातांनी पुढं केली.